इंदूर बायपासवर ट्रकशी झालेल्या धडकेत मेहुणे गेले, विमा कंपनी म्हणते चूक त्यांचीच. अपघात-विश्लेषण तज्ज्ञ नेमावा का?

नेमा, पण वेग किंवा कोणत्या लेनमध्ये धडक झाली, यावर वाद असेल तरच. ट्रक चुकीच्या बाजूने आल्याचा साक्षीदार पक्का असेल, तर तो खर्च वाया. क्लेम ट्रिब्युनलमध्ये (अपघाताची भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण) फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही.

वाद असेल तर घाई करा. ठाण्यातून गाडी सुपुर्दनाम्यावर (मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर) सुटली आणि गॅरेजात गेली की अर्धा पुरावा संपला. त्याआधी चारही बाजूंनी फोटो, टायर, ब्रेक, दिवे तपासून घ्या. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग सापडू शकतो. सगळ्याच गाड्यांत मिळतो असं नाही. ढाबा, पेट्रोल पंप, टोलनाका यांना फुटेज जपून ठेवायचं पत्र लगेच द्या, जुनं पुसलं जातं. फुटेज दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा.

पुष्कळ अहवाल उलटतपासणीत घर्षणांकावरच (रस्त्यावर टायरची पकड किती, तो आकडा) आपटतात. घसरणीची खूण 25 मीटर असेल तर कोरड्या डांबरावर (0.7) वेग साधारण ताशी 67 किमी निघतो, ओल्यावर (0.5) 56. तेवढ्यानं खटला फिरतो! म्हणून त्या दिवशी पाऊस होता का, खूण कुणी आणि कशानं मोजली, हे पंचनाम्यात पाहा. खुणेवरून काढलेल्या वेगात धडकेत गेलेली ऊर्जा धरलेली नसते, म्हणून हा वेग किमान समजायचा. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) असेल तर खूण पुसटच उमटते. खूण नाही म्हणजे ब्रेक मारलाच नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

आणि तज्ज्ञाला साक्षीला उभं राहावं लागेल, हे आधीच ठरवून घ्या.