अणू कोणता आणि रेणू कोणता?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे: लेकीच्या मराठी पुस्तकात पाण्याचा 'रेणू' आहे, तर शेजारची कन्नड माध्यमातली मुलगी त्यालाच 'अणु' म्हणते. चुकतंय कोण?

कोणीच नाही. कन्नड, तेलुगू, हिंदी या तिन्ही भाषांत मूलद्रव्याचा कण म्हणजे परमाणु आणि असे कण जोडून होतो तो अणु. मराठीत पहिला अणू, दुसरा रेणू. म्हणूनच तुर्भ्याचं भाभा केंद्र मराठीत 'अणुसंशोधन केंद्र', तर हिंदीत 'परमाणु अनुसंधान केंद्र' आहे. सोलापुरात या भाषा एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे मुलं एकत्र अभ्यासाला बसली की हा घोळ होणारच. हिंदी पुस्तक वाचताना काहींना वाटतं, परमाणु म्हणजे अणूच्या आतला कण. तसं नाही. अणूच्या आत असतात ते प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचं केंद्रक आणि त्याभोवतीचे इलेक्ट्रॉन.

मला मराठीची जोडी जास्त आवडते, कारण 'अणुरेणू' हा शब्द आपल्या तोंडी विज्ञानाच्या पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून आहे. पण 'रेणू' सरसकट वापरू नये. शेंगाचटणीत घालतो त्या मिठाचंच बघा. सोडियमच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ आणि क्लोरिनची २, ८, ७. सोडियम शेवटचा एक देऊन टाकतो, क्लोरिन तो घेतो, दोघांचीही बाहेरची कक्षा आठांनी भरते आणि विरुद्ध प्रभारांमुळे ते एकमेकांना धरून राहतात. असा प्रभार आलेला अणू म्हणजे आयन, आणि हा आयनिक बंध. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड (क्लोरिनचे आयन) लगटून असतात आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम. यातली कुठली जोडी बाजूला काढून 'मिठाचा रेणू' म्हणणार? पाण्याचं तसं नाही. तिथे ऑक्सिजन प्रत्येक हायड्रोजनबरोबर इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतो. हा सहसंयुज बंध, आणि तीन अणूंचा तो गट खराखुरा रेणू.

तेव्हा लेकीने उत्तरपत्रिकेत अणू आणि रेणू असंच लिहावं. सुटा शब्द दीर्घ: अणू, रेणू. समासात पूर्वपद ऱ्हस्व: अणुअंक, रेणुसूत्र.