डासही वाहक आणि माणूसही वाहक?

प्रश्न असा: मलेरिया नेणाऱ्या डासाला 'वाहक' म्हणतात आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक असलेल्या माणसालाही 'वाहक'च म्हणतात, हे बरोबर आहे का? आणि 'सिकलसेलच्या वाहकांमध्ये मलेरियाची प्रतिकारशक्ती असते' असं लिहावं का?

'वाहक' दोन्हीकडे बरोबर. वह् म्हणजे वाहून नेणं. एसटीत तिकीट देणाराही त्याच धातूतून आला. बिघडतं ते क्रियापदापाशी. डास जंतू एका अंगातून दुसऱ्या अंगात पोचवतो, म्हणून तिथे 'लागण', 'पसरवणे' चालतं. सिकलसेलचा वाहक कोणालाच काही लावत नाही. त्याचं जनुक जातं ते फक्त त्याच्या मुलाबाळांत. त्यासाठी मराठीत 'उतरणे' आहे: आजीचे घारे डोळे नातीत उतरतात, तसंच. 'वाहकांमुळे सिकलसेल पसरतो' असं छापलं की वाचणारा त्या घरचं पाणी प्यायला कचरतो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मलेरियाही आहे आणि सिकलसेलही, त्यामुळे एकाच बातमीत दोन्ही वाहक येतात. तिथे 'डास' आणि 'सिकलसेल वाहक' असंच सुटं लिहावं.

वाहक आणि रुग्ण यांतही गल्लत होते. जनुकं जोडीनं असतात. एक नेहमीचं, एक सिकलचं असेल तर वाहक, म्हणजे तपासणीच्या कागदावरचा 'एएस'. दोन्ही सिकलची असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. नवरा-बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता 25 टक्के, एएस 50 आणि एए, म्हणजे दोन्ही जनुकं नेहमीची, 25. 'प्रत्येक' गाळू नका. गाळलात तर 'पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली' असा हिशेब मांडला जातो. सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून कोणाला वाहक लिहिणंही चूक, कारण त्या चाचणीत एएस आणि एसएस दोन्ही सारखेच दिसतात. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या चाचण्या झाल्यावरच ते वेगळे होतात.

आता 'प्रतिकारशक्ती'. हा शब्द शरीर जंतूला ओळखून लढतं त्यासाठी राखून ठेवलेला बरा: आजार होऊन गेल्यावर किंवा लस घेतल्यावर येते ती. एएस माणसाचं रक्षण मुख्यतः तांबड्या पेशीच्या घडणीतून होतं. फॅल्सिपॅरम या घातक मलेरियाचा परजीवी शिरलेली पेशी ऑक्सिजन कमी पडताच विळ्यासारखी वाकते, परजीवीची वाढ तिथे खुंटते, आणि अशी पेशी प्लीहा लवकर काढून टाकते. यात कोणी काही शिकलेलं नाही. म्हणून 'उपजत संरक्षण' म्हणावं. तेही अर्धंच. वाहकाला डास चावतो, ताप येऊ शकतो, रक्तात परजीवीही सापडतो; टळतो तो बहुतेक वेळा गंभीर मलेरिया. 'वाहकाला मलेरिया होत नाही' असं वाचून कोणी मच्छरदाणी गुंडाळून ठेवली तर दोष लिहिणाऱ्याचा. आणि हे संरक्षण एसएस रुग्णाला लावू नका. त्याचं रक्त आधीच कमी, प्लीहा निकामी होत आलेली; त्याला मलेरिया जिवावर बेतू शकतो.

पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या संशोधक अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये हा संबंध दाखवला: जिथे मलेरिया फार, तिथल्या लोकांत हे जनुकही जास्त. एसएस मुलं लहानपणीच दगावत, तरी एएस भावंडं मलेरियातून तगत, म्हणून जनुक टिकलं. हे सांगताना 'अमुक जमातीचं रक्त मलेरियाला दाद देत नाही' असं लिहिलं जातं, ते टाळा. संरक्षण जनुकाचं आहे, जमातीचं नाही. एकाच घरात एक भाऊ एएस आणि दुसरा एए असतो. शिवाय संरक्षण एकाच प्रकारच्या मलेरियापुरतं असू शकतं: पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं, त्यामुळे व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीला सहसा आत शिरता येत नाही. फॅल्सिपॅरम मात्र त्याच पेशीत दुसऱ्या वाटेनं शिरतो. तेव्हा कोणत्या मलेरियापासून संरक्षण, हे नाव घेऊनच लिहावं.

जाता जाता: 'अनुवांशिक' नव्हे, 'आनुवंशिक'. अनुवंशला इक लागला की पहिला स्वर वाढतो, मधला नाही. आणि बाई असली तरी 'ती वाहक आहे' हेच ठीक. 'वाहिका' म्हटलं की रुग्णवाहिका आठवते.