आधी प्रयोग, मग ओळख

नागपूर, रविवार रात्र

चि. मित्रास,

अनेक आशीर्वाद.

परवा नाट्यमहोत्सवात डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहाबाहेर चहाचा कप हातात धरून तू मला विचारलेस, "सर, सकाळपासून बावीस जणांना कार्ड दिलं, एकानेही माझं नाटक कोणतं हे विचारलं नाही. माझं चुकतंय कुठे?" मी तेव्हा कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विषय बदलला. कार्डावर लेखक, दिग्दर्शक, अभिनेता आणि प्रकाशयोजनाकार असे चार हुद्दे होते. पण कार्ड छापण्यातली हौस ही तुझी खरी चूक नव्हे. आपण बोलत होतो तेव्हा आत एका मंडळाचा प्रयोग चालू होता आणि तू बाहेर होतास. (मीही बाहेर होतो, हे तू म्हणशीलच. माझा गुडघा दोन अंक सलग बसू देत नाही, आणि पहिला अंक मी पूर्ण पाहिलेला होता.)

ज्याच्याकडे काम मागायचे, त्याचे काम आधी पाहावे. मला एवढेच सांगायचे आहे, आणि पुढच्या सगळ्या ओळींत मी तेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

तीसेक वर्षांपूर्वी परगावच्या एका महोत्सवात मी असाच फाईल घेऊन उभा होतो. प्लॅस्टिकच्या पाकिटांत माझ्या प्रकाशयोजनेची छायाचित्रे होती आणि घामाने ती पाकिटांना चिकटली होती. नाटकांची निवड करणारे एक गृहस्थ बाहेर येतील म्हणून मी लागोपाठ दोन प्रयोग पोर्चमध्ये उभा राहून घालवले. ते आले, त्यांनी फाईल आस्थेने चाळली आणि सहज विचारले, "आताच्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी जो काळोख केला, तो तुम्हाला लांबला असं वाटलं का?" मी प्रकाशयोजनाकार, आणि मला त्या काळोखाबद्दल एक शब्द बोलता आला नाही. त्यांनी फाईल मिटून दोन्ही हातांनी परत दिली. त्या दोन हातांचा सभ्यपणा मला अजून बोचतो. पुढे कित्येक वर्षे मी सर्वांना सांगत राहिलो की मुंबई-पुण्याची माणसे विदर्भाला विचारत नाहीत. ते अगदीच खोटे नाही, पण त्या दिवशीचे कारण ते नव्हते.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या फ्रिंज ह्या नाट्यमहोत्सवाचे नाव तू परवा दोनदा घेतलेस, जणू ती ओळखी वाढवण्याची जत्राच आहे. 1947 साली तिथल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचे निमंत्रण नसताना आठ नाट्यसंस्था गेल्या आणि त्यांनी मिळेल त्या जागी आपापले प्रयोग केले. फ्रिंजची सुरुवात ती. दाखवायला नाटक होते म्हणून ते गेले. एवढ्या दूर कशाला, आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीकडे बघ. दिवाळीनंतर गावोगावची मंडळे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला येऊन मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, नाटक ठरवतात, ती कोणाचे कार्ड पाहून ठरवत नाहीत. मागच्या हंगामात शेजारच्या गावात रात्रभर बसून त्यांनी जे पाहिलेले असते, त्यावर बोलणी होतात. पहाटेपर्यंत थंडीत घोंगडी पांघरून नाटक पाहणाऱ्या माणसाला तुझ्या चार हुद्द्यांचे काय कौतुक?

आणि आपण शहरातली मंडळी काय करतो? राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे. तिच्या नागपूर केंद्रावर मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे की आपला प्रयोग संपला की संघ नेपथ्याचे सामान टेम्पोत चढवून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या संघासमोर रिकाम्या खुर्च्या असतात. मग हीच माणसे निकालाच्या दिवशी एकमेकांच्या गळ्यात गळे घालतात. ह्या गळाभेटींचा मला संताप येतो.

तेव्हा उरलेल्या दोन दिवसांत कार्डांचा गठ्ठा खिशातच ठेव. प्रयोग संपल्यावर पुढारी आणि पत्रकार ज्या दाराने बाहेर पडतात तिकडे न जाता मागच्या दाराने रंगमंचावर जा. तिथे दिवे उतरवणारा मुलगा भेटेल, त्याला शिडी धर. कोणत्या मंडळाकडे माणूस कमी आहे आणि कोणाचा पुढचा दौरा कुठे आहे, हे स्वागतकक्षापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. दिग्दर्शक भेटले तर "फार छान झालं" म्हणू नकोस. तुला खटकलेली किंवा भावलेली एक जागा सांग आणि थांब. तुझ्या नाटकाबद्दल त्यांनी विचारले तरच बोल, आणि तेव्हा एका पानावर लिहिलेली माहिती तयार असू दे: कालावधी किती, प्रवासाला माणसे किती, रंगमंच किमान केवढा लागतो, दिवे किती लागतात आणि पुढचा प्रयोग कुठे, कोणत्या तारखेला आहे. तारीख नसेल तर आधी ती ठरव. ज्याचा प्रयोगच ठरलेला नाही, त्याला येऊन पाहा म्हणायला तोंड नसते.

तू म्हणशील, एवढे सगळे कळत होते तर सर नागपुरातच का राहिले. एकदा मुंबईच्या एका निर्मात्याने माझे काम पाहून फोन करायला सांगितले होते. मी केला नाही. त्याला मी मानीपणा म्हणत आलो. आज रात्री लिहिताना वाटते की त्यात भीतीही बरीच होती. पण त्याच वर्षांत मी इथे जे दिवे लावले, ज्या पोरांना दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर हाताळायला शिकवले, ते मुंबईला गेलो असतो तर झाले नसते, आणि ह्याबाबत मी कोणाचेही ऐकून घेणार नाही, तुझेही नाही. मात्र माझा हा हट्ट तू उचलू नकोस. पाहून झाल्यावर, बोलून झाल्यावर कोणी फोन कर म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन कर.

उद्या संध्याकाळचा प्रयोग लहान आहे, दीड तासाचा, मध्यंतर नाही. मी कडेची खुर्ची धरतो, गुडघ्यासाठी. शेजारची तुझ्यासाठी राखून ठेवीन. तिसऱ्या घंटेनंतर मात्र त्या खुर्चीवर मी माझी पिशवी ठेवणार आहे.

तुझा,
सर