निकॉन डी९० की डी७०००? आणि "डी७००० फोटो खातो" हे खरं आहे का?

उदगीरचे आहात म्हणता. बारसं, वाढदिवस, साखरपुडा अशी छोटी कामं घ्यायचीत आणि समोर सेकंडहँड कॅमेऱ्यांचे दोन सौदे आहेत: डी९० अठरा-एकशेपाच एमएमच्या झूम लेन्ससकट अकरा हजार, डी७००० नुसती बॉडी, म्हणजे बिनलेन्सचा, चौदा हजार. डी७००० घ्या. उत्तर संपलं.

पण शेवटी तुम्ही एक ओळ जोडलीय, "डी७००० फोटो खातो असं ऐकलंय, खरं का?" ती वाचली आणि समोरचा अल्बम तसाच ठेवून लिहायला बसलो. ही अफवा उदगीरपर्यंत कशी पोचली मला माहीत नाही, पण निघाली कुठून ते नक्की माहीत आहे. गंगाखेडहून निघाली, २०१३च्या मे महिन्यात, आणि पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाली तो माझा सख्खा मामेभाऊ आहे.

तेव्हा आम्ही दोघं मिळून लग्नाच्या ऑर्डरी करायचो. माझ्याकडे डी९०, त्याच्याकडे कोरा करकरीत डी७०००. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना हा म्हणायचा, "दादा, तुझं बारा मेगापिक्सेलचं डबडं आता भंगारात घाल." त्याचे सोळा, माझे बारा. हिशोब मांडला तर १२ बाय १८च्या प्रिंटला डी९० इंचामागं २३८ ठिपके देतो, डी७००० देतो २७३. भिंतीवर टांगलेल्या फोटोत हा फरक जो ओळखून दाखवेल त्याला मी दुकानाची किल्ली देतो. पण गिऱ्हाइकाला आकडा कळतो, फोटो कळत नाही. त्यामुळं मेन कॅमेरा त्याचा आणि मी 'साइडचा'. हे मी बरेच दिवस ऐकून घेतलं.

तर ते लग्न पालम तालुक्यातल्या एका गावातलं. दुष्काळाचं साल. मांडवामागं पाण्याचा टँकर उभा आणि लग्नघरच्या बायांचं निम्मं लक्ष टँकरच्या तोटीकडं. आदल्या दिवशी रात्री हळद. नवरीचे वडील आणि चुलते यांचं बांधावरून बिनसलेलं. दीड हात जमीन, पण प्रकरण तलाठ्यापासून निघून कोर्टात गेलेलं आणि सात वर्षं बोलणं बंद. चुलते काही येत नाहीत, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

नऊच्या सुमारास जनरेटर बंद पडला. डिझेल संपलं होतं आणि डिझेल कोणी आणायचं यावरून मांडवात गोंधळ सुरू झाला. त्या अंधारात चुलते आले. अंधार बघूनच आत आले असं माझं मत आहे. कोणाशी बोलले नाहीत, थेट पोरीसमोर जाऊन बसले, ताटातली हळद घेतली आणि तिच्या दोन्ही गालांना लावली. लावून हात काढला नाही, तसाच ठेवला. मागं नवरीचा बाप मोबाईलची बॅटरी लावून उभा. आपण कोणावर उजेड पाडलाय हे त्याला तेव्हा कळलं आणि त्याचा हात हलला, पण मोबाईल त्यानं खाली केला नाही.

माझ्या फ्लॅशचे सेल संपलेले. डी९०ला पन्नास एमएमची १.८ डी लेन्स होती, कमी उजेडात चालणारी. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, ३२०० केली, डी९०ची नेहमीची हद्द तेवढीच. दोनचं अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक जवळजवळ पूर्ण उघडं, शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाचा. श्वास रोखून चार फोटो काढले. मामेभावानं फ्लॅश मारून दहा-बारा काढले. त्याचे फोटो माझ्यापेक्षा सरस आले असते, हे मी आताच कबूल करतो. आले असते तर.

दुसऱ्या दिवशी लग्नाला चुलते आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुकानात त्यानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पहिले सव्वातीनशे फोटो ठणठणीत: मांडव, पाहुणे, बायका जात्याला हळकुंड बांधतायत. तिथून पुढं फायलींची नावं आहेत, साइज आहे, उघडलं की करडी पाटी. सगळी हळद गेली. कॅमेऱ्याच्या दुसऱ्या खाचेतलं, स्लॉट दोनमधलं, कार्ड काढलं, ते तर पूर्ण रिकामं.

इथून भांडण सुरू झालं ते आजपर्यंत चालू आहे. मामेभावाच्या बाजू दोन आहेत. गिऱ्हाइकांना तो सांगतो, "डी७०००च फोटो खातो, मॉडेलच तसलं हाय." पाहुण्यारावळ्यांत सांगतो, "दादानं परत येताना जीपमध्ये दोन नंबरचं कार्ड फॉरमॅट केलं." कॅमेऱ्यानं खाल्ले की मी पुसले, एक काहीतरी ठरव बाबा.

आता खरं काय झालं ते ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

डी७०००ला दोन कार्डांचे स्लॉट आहेत, डी९०ला एकच. पण दुसरं कार्ड घातलं म्हणजे आपोआप दोन्हीकडं फोटो जातो असं नाही. शूटिंग मेनूत स्लॉट दोनचं काम ठरवावं लागतं आणि त्यात तीन पर्याय आहेत: ओव्हरफ्लो, बॅकअप म्हणजे तोच फोटो दोन्ही कार्डांत, किंवा रॉ (कच्ची फाईल) एका कार्डात आणि जेपेग (तयार फोटो) दुसऱ्यात. कंपनीतून कॅमेरा ओव्हरफ्लोवर येतो. म्हणजे पहिलं कार्ड भरलं तरच दुसऱ्यात जायचं. यानं मेनू कधी उघडलाच नव्हता. सोळा मेगापिक्सेल सगळ्या तालुक्याला सांगितले, पण मेनू उघडला नाही.

आणि पहिलं कार्ड? ते परगावी फूटपाथवर अर्ध्या किमतीत घेतलेलं, वर ३२ जीबी छापलेलं. मी ते तपासणीच्या सॉफ्टवेअरला लावलं तर खरी जागा निघाली आठ जीबीच्या आतच. असली नकली कार्डं कॅमेऱ्याला आपली साइज खोटी सांगतात. आठ जीबीपर्यंत नीट लिहितात, त्यापुढं आलेली फाईल घेतल्यासारखं करतात आणि हवेत सोडतात. कॅमेऱ्याला वाटतं लिहिली. शटर दाबल्याबरोबर मागच्या स्क्रीनवर जो फोटो दिसतो तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीतून दिसतो, त्यामुळं रात्रभर सगळं छान दिसत राहिलं. रॉ आणि जेपेग मिळून एका फोटोला पंचवीसेक एमबी धरा, आठ जीबीला भागा. येतो का सव्वातीनशेचा आकडा? आता हे डी७०००नं केलं का?

राहिला फॉरमॅटचा आरोप. डी७०००ला बटणांवरून फॉरमॅट, म्हणजे कार्ड कोरं, करायचं तर लाल खूण असलेली दोन बटणं एकत्र धरून ठेवायची, अक्षरं लुकलुकली की परत एकदा दाबायची. जीपमध्ये मांडीवर बॅग घेऊन चुकून होणारं काम नाही हे. तरी धरून चला की मी केलं. फॉरमॅटनं फोटो लगेच मरत नाहीत, वरून नवं काही लिहिलं नाही तर रिकव्हरीत परत निघतात. मी त्याच दिवशी, त्याच्याच समोर, दोन नंबरच्या कार्डाची रिकव्हरी लावली. काय निघालं? कुणाच्या तरी लेकराच्या बारशाचे फोटो, सहा महिन्यांपूर्वीचे. हळदीचा एकही नाही. जो फोटो त्या कार्डावर कधी गेलाच नाही तो मी पुसणार कुठून? यावर तो म्हणाला, "कामून उगं वाढवायलास दादा." आणि चहा आणायला म्हणून गेला तो संध्याकाळीच परत आला.

नवरीच्या वडिलांना डी९०चा फोटो दाखवला. दाणे पडलेले, रंग पिवळाधमक, चुलत्याचा हात किंचित हललेला. मी आधीच माफी मागायला लागलो होतो. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "मोठा करून दोन काढा." दोन कशाला ते मी विचारलं नाही.

तर डी७००० फोटो खात नाही. मेनूत जाऊन बॅकअप लावा, कार्डं पक्क्या बिलावर घ्या आणि घेतल्याबरोबर एकदा पूर्ण भरून वाचून बघा. एवढं केलं तर डी९०पेक्षा हा कॅमेरा कामाला दहापट भरवशाचा, आणि हे डी९०वर जीव असलेला माणूस सांगतोय. परत नाही मिळायचं तुमचं बारसं.

बाकीचा फरक थोडक्यात. डी९० आला २००८ला, डी७००० २०१०ला, आणि त्या दोन वर्षांत सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी आतली चकती, फार पुढं गेला. मांडवाबाहेरचं ऊन आणि आतला अंधार एका फोटोत आला की डी७०००च्या रॉमधून अंधारातले चेहरे वर काढता येतात. डी९०मध्ये काढायला गेलं की चेहऱ्यावर दाण्यांची रांगोळी पडते. रात्रीच्या कामालाही डी७००० सरळसरळ वरचढ. फोकसचे पॉइंट ३९, डी९०ला ११. व्हिडिओ करणारा पहिला डीएसएलआर डी९०च, त्याचा मान त्याला द्या, पण व्हिडिओ ७२०चा, एका दमात पाच मिनिटं, माइक लावायला भोक नाही, आणि कॅमेरा झटकन फिरवला की खांब वाकडे होतात. डी७०००ला १०८० आहे, वीस मिनिटं चालतो, बाहेरचा माइक लागतो. प्री-वेडिंगवाले रील मागणारच, तेव्हा हा मुद्दा सोडू नका.

पण डी७०००चे दोन दोष सांगतो, नाहीतर मला कोणी कंपनीचा माणूस म्हणेल. कडक उन्हात तो फोटो उजळ काढतो, पांढऱ्या टोप्या जळतात, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. आपल्याकडच्या लग्नात टोप्या किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली ठेवून काढा. दुसरं म्हणजे अंगठ्याखालचं रबर सुटतं, मे महिन्यात तर हमखास. चिकटवून घ्या, त्यासाठी हजार रुपये कमी करायला लावा.

दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर आहे, हा मोठा फायदा. जुनी पन्नास एमएम १.८ डी दोन्हीवर फोकस करते, निकॉनच्या स्वस्तातल्या डी३०००, डी५००० मालिकेवर करत नाही. ती लेन्स सेकंडहँड शोधाच.

अरे हो, तुमच्याकडे लेन्स आधीपासून आहे का हे तुम्ही लिहिलंच नाही. नसेल आणि खिशात पंधरा हजारांच्या वर काही नसेल, तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि डी९० लेन्ससकट घ्या. नुसती बॉडी गळ्यात घालून बारसं होत नाही. डी९०ला कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच चालेल आणि दर तासाला कार्ड बदलत जा. एक गेलं तर निदान सगळं जायचं नाही.

बघायला जाल तेव्हा एक जेपेग काढून घरी आणा आणि त्या फाईलवरून शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, तपासा. डी९०चं शटर एक लाखाच्या हिशोबानं बनवलेलं, डी७०००चं दीड लाखाच्या. लग्नवाल्याकडचा कॅमेरा असेल तर आकडा बघून घाम फुटेल, पण त्यापुढंही चालतात, माझा चाललाय. कॅमेरा मुंबई-कोकणातून आलेला असेल तर लेन्स उजेडाकडं धरून बुरशीचे धागे बघा. आपल्या हवेत बुरशी कमी, धूळ जास्त. डी९०ची ईएन-ईएल३ई बॅटरी आता नवी चांगली मिळणं अवघड झालंय, डी७०००ची ईएन-ईएल१५ मात्र पुढच्या बऱ्याच मॉडेलांना चालते. चार्जर सोबत आहे का ते आधी विचारा, विकणारे तो हमखास 'विसरतात'.

मामेभावानं तो डी७००० त्याच वर्षी विकून टाकला, कुणाला ते मला सांगितलं नाही. तुम्हाला जो चौदा हजारांत मिळतोय त्याच्या खाली ट्रायपॉडच्या भोकाजवळ पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका आहे का बघा. असेल तर बिनधास्त घ्या, त्याचा मेनू कोणी उघडलेलाच नाही.