पहिला कुर्ता शिवणार असशील तर

अगं, नवं कापड आणायची घाई करू नकोस. आधी आईचं कपाट उघड. साडेपाच मीटरच्या सुती साडीतून एक कुर्ता आरामात निघतो, वर ओढणीपुरतंही उरतं. फक्त साडी उजेडासमोर धरून बघ. घडीवर विरली असेल तर सोडून दे, दोन धुण्यांत फाटेल. काठ खालच्या घेरालाच लावायचा हट्ट नको. बाह्यांना आणि गळपट्टीला तो जास्त खुलतो, निदान माझ्या डोळ्यांना तरी.

कापड घेणारच असशील तर आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचार. ३६ इंच पन्ह्याला साधारण अडीच मीटर लागतं, ४४ ला थोडं कमी. मुंबईत असशील तर मंगलदास मार्केटात एक चक्कर मार. सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेत. मी एकदा आळस केला आणि पहिल्याच धुण्यानंतर तो कुर्ता धाकट्या बहिणीचा झाला!

मापं घेत बसण्यापेक्षा नीट बसणारा जुना कुर्ता घडी घालून कापडावर ठेव, कडेने खडू फिरव आणि बाजूंना इंचभर माया, म्हणजे शिलाईसाठी जास्तीचं कापड, सोड. गळा मात्र लहानच काप. मोठा कधीही करता येतो, लहान नाही. सलवारीच्या नादी इतक्यात लागू नकोस, काळी लेगिंग चालते.