आधी वस्तू पक्की कर, मग परग्रहवासी आण

तुझ्या विज्ञानकथेचा मसुदा वाचला. दोन परग्रहवासी टोळ्या पहिल्याच पानावर भिडल्यात, पण कशासाठी, हे निम्मी कथा संपेपर्यंत कळत नाही. ज्या वस्तूसाठी त्या लढतात, ती आधी पक्की कर. तिने काय होतं आणि मुख्य म्हणजे काय होत नाही, हे तुला ठाऊक हवं. नाहीतर ती शेवटी कुठलीही अडचण सोडवते आणि वाचकाचा रस जातो.

कथेची जागा म्हणून लोणार निवडलंस, फार छान केलंस! पण एकदा जाऊन ये. उल्कापातानं बेसॉल्ट या काळ्या खडकात पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पाणी खारट आणि अल्कधर्मी. तळाशी पुरलेल्या धातूचं त्यात काय होईल, याचा विचार कर. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं होतं. कारण सूक्ष्मजीव, पण तुझ्या एका टोळीला याहून चांगला आडोसा कुठला मिळणार? गुप्त लढाई गावाला रोजच्यासारखीच दिसली पाहिजे. दैत्यसूदन मंदिरापाशी नारळ विकणारी एखादी बाई काय पाहते, तिथून सुरुवात कर.