जुने अल्बम ऐकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जॅझ वादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमची जुनी तबकडी आणि नवी सीडी एकमेकांशी सुरात जुळत नाहीत. टर्नटेबल बिघडलंय का?

बहुधा नाही. मूळ तबकडीची पहिली बाजू २ मार्च १९५९ या एकाच दिवशी रेकॉर्ड झाली आणि त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू चालणाऱ्या मशीनवर भरलेली टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. त्यामुळे कित्येक वर्षं पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना चढ्या सुरातच छापल्या गेल्या. सोबत चालू असलेल्या दुसऱ्या मशीनचा वेग बरोबर होता. त्या टेपवरून दुरुस्त आवृत्ती निघाली, तीही थेट १९९०च्या दशकात.

खात्री करायची तर दुसऱ्या बाजूचं ‘ऑल ब्लूज’ दोन्हीकडे लावा. ते जुळलं आणि पहिल्या बाजूचं ‘सो व्हॉट’ तेवढं चढं लागलं, तर तुमचं यंत्र ठीक आहे. दोन्ही बाजू चढ्या लागत असतील तर वेग मोजा. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा, तबकडीवर सुई ठेवा आणि फेरे मोजा. तीन मिनिटांत १०० व्हायला हवेत. सुई टेकवूनच मोजा, कारण तिच्या घर्षणाने वेग थोडा उतरू शकतो.

प्रश्न : रीमास्टर केलेली, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणावर नव्याने संस्कार करून काढलेली आवृत्ती जास्त दमदार वाटते. तीच घ्यावी का?

आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या. मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो आणि अनेक रीमास्टर नुसते मोठे केलेले असतात. हळू भाग वर उचलायचा आणि ठोक्यांची टोकं दाबायची, अशी ती करामत असते. आवाज सारखा केल्यावर स्नेअर ड्रमचा फटका ऐका. तो बाकीच्या वाद्यांतून सुटून येत नसेल तर जुनी आवृत्तीच ठेवा. ॲपवर ऐकत असाल तर क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच दुसरं सुरू करणं) आणि शफल (गाण्यांचा क्रम बदलणं) बंदच करा. बीटल्सच्या ‘ॲबी रोड’च्या दुसऱ्या बाजूची एकमेकांत गुंफलेली गाणी त्याशिवाय कळणारच नाहीत.

प्रश्न : बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ मोनो (सगळा आवाज एकत्र) ऐकावा की स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा)?

आधी मोनो. १९६७मध्ये बीटल्सनी स्वतः लक्ष घातलं ते मोनो मिक्समध्ये. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत वेगवान आणि वरच्या पट्टीत आहे; फरक तिथे लगेच कळेल.

प्रश्न : प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं खरखरीत का येतं?

तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २०. तेवढ्या कमी जागेत तेच स्वर दाटीने कोरलेले असतात, म्हणून सुईची जराशी चूकही तिथे ऐकू येते. सुई मऊ ब्रशने मागून पुढे साफ करा, मग प्रोट्रॅक्टरवर (कोन मोजायच्या पट्टीवर) कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचा कोन जुळवा. सुईचं तबकडीवरचं वजन कमी ठेवून तबकडी वाचत नाही. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती खरवडते. कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात १.८ ते २.२ ग्रॅम असेल तर २ ग्रॅम ठेवा. एवढं करूनही ‘स’ आणि ‘श’ फुटत असतील, तर सुई झिजली आहे किंवा खाच आधीच खराब झाली आहे. दुसरी, नवी तबकडी लावून पाहिलीत की यातलं नेमकं काय ते ठरेल.